बरणीतले हिरवे मणी

लिफ्टचं दार उघडलं आणि लॉबीतल्या काचेच्या टेबलावर मला माझे मणी दिसले. आधी वाटलं भास असेल, कारण सकाळपासून डोक्यात दुसरं काही नव्हतंच. चाकणला आज सांडपाणी साफ करायच्या प्लांटचं उद्घाटन होतं, आणि प्लांट म्हणजे तरी काय, रांगेत उभ्या केलेल्या टाक्या. आत माझे मणी नसतील तर त्यांच्यात आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फरक तो काय. मी जरीकाठाची साडी नेसले होते, केसांत चक्क गजरा होता, आणि खोटं कशाला बोलू, मनातून चांगलीच फुगले होते. अशा वेळी माणसाला भिंतीवरसुद्धा आपलंच नाव दिसतं. पण बरणी खरी होती. लोणच्याची असते तसली मोठी काचेची बरणी, तिच्यात मनीप्लांटचा वेल, आणि मुळांभोवती गच्च भरलेले गडद हिरवे, ओले, चकाकणारे मणी. वाकडच्या आमच्या सोसायटीत सजावट म्हणजे प्लॅस्टिकची फुलं आणि बंद पडलेलं कारंजं, त्यामुळे ती उठून दिसत होती. कॅबची वाट बघणारी एक मुलगी तिच्याजवळ उभी राहून सेल्फी काढत होती.

मी जवळ गेले. शोभेचे मणी बाजारात हवे तेवढे मिळतात, हिरवे, निळे, गुलाबी. पण ते अगदी गोल असतात. माझ्या मण्याला एका बाजूला बारीक शेपटी असते. चिंचोक्याच्या खळीचा थेंब सुईतून खालच्या पाण्यात पडतो तेव्हा पडता पडता मागे ओढला जातो आणि तसाच घट्ट होतो. ती शेपटी घालवायला मी काय कमी जीव काढला! सुया बदलल्या, उंची बदलली, शेवटी नाद सोडला. आता ती शेपटी मला घरच्या पोराच्या कपाळावरच्या व्रणासारखी ओळखू येते. बरणीतल्या एकूण एक मण्याला शेपटी होती. आणि ते हिरवे होते, म्हणजे वापरलेले होते, म्हणजे पोट भरलेले होते. मग मी पाण्याकडे बघितलं. पाणी पिवळं होतं. फार नाही, दुसऱ्या कुणाला तो वरच्या दिव्याचा रंग वाटला असता. मला राग आला. राग आला हे बरं झालं, नाहीतर मी तिथेच सोफ्यावर बसून राहिले असते.

ते पिवळं मी कुठेही ओळखीन. गाडीचा बंपर, नळाची तोटी, खुर्चीचा पाय, जे जे आरशासारखं चमकतं त्यातलं पुष्कळसं क्रोमच्या हौदातून निघालेलं असतं. हौदातून काढलं की ते पाण्यात खळबळून धुतात, आणि ते धुण्याचं पाणी पिवळं होतं. तो पिवळा रंग म्हणजेच विष. माझे मणी आधी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढरे असतात. त्या पाण्यात गेले की पिवळे होतात, आणि मग आतल्या आत हिरवे. हिरवं झालं म्हणजे विषाचा दात पडला आणि ते मण्यात अडकलं. पण मणी म्हणजे काही तिजोरी नव्हे. पोट भरलेला मणी पाण्यात आणि उन्हात पडून राहिला तर मऊ पडतो, आणि आत जे पिवळं हिरवं व्हायचं राहिलेलं असतं ते हळूच बाहेर येतं. मला हे ठाऊक होतं, धनेशलाही ठाऊक होतं. धनेश माझा कॉलेजातला मित्र, चाकणच्या प्लेटिंग शेडचा मालक. वर्षभर माझ्या मण्यांची चाचणी त्याच्याच शेडमध्ये चालली होती. ठरलं असं होतं की वापरलेला मणी पिंपात बंद, पिंप घातक कचऱ्याच्या गाडीत, आणि गाडी सरळ त्या कचऱ्यासाठी बांधलेल्या पक्क्या खड्ड्याकडे. धनेशने मान डोलावली होती. मी विश्वास ठेवला होता, कारण पुढच्या प्लांटच्या नादात मला मागे वळून बघायला सवड नव्हती.

"बगा की मॅडम!" शालनबाई वायपर भिंतीला टेकवून हसत पुढे आल्या. त्या आमची लॉबी आणि जिने पुसतात, लातूरकडच्या. त्यांचा नवरा भीमराज धनेशच्या शेडमध्ये कामाला आहे, आणि त्याला तिथे मीच चिकटवला होता. "तुमचेच मणी हायेत. ह्यांनी आणलेत. शेडमागं गोण्याच्या गोण्या पडल्यात म्हणं, फुटून सांडायलेत. मालकाला इचारलं तर म्हणले, ने की, काय व्हतंय. उन्हाळ्यापासनं आमच्या खिडकीत व्हती बरणी. म्या म्हणलं, आज मॅडमचा मान हाय, तर इथं ठिवावी. सगळ्यांना सांगायलेय, आमच्या मॅडमनी बनिवलेत."

"हाताने भरलेत हे?"

"मंग? चांगले चोळून धुतले की. आन् घरी कढीपत्त्याच्या कुंडीत बी घातलेत. लई पाणी धरतेत. कढीपत्ता असा फुटलाय म्हणून सांगू!"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. बोटांना भेगा होत्या. फिनेलच्या असतील. असतीलही. "शालनबाई, तो कढीपत्ता आमटीत घालू नका. कुंडी पिशवीत बांधून घराबाहेर ठेवा, मी येऊन घेऊन जाते. आणि आत्ताच्या आत्ता साबणाने हात धुवा." त्यांचा चेहरा उतरला. माझा मान करायला निघालेली बाई, आणि मी तिला हात धुवायला सांगत होते. "काय चुकलं का मॅडम?" त्यांनी विचारलं. "तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं, आणि ते इतक्या जोरात म्हटलं की सेल्फीवाल्या मुलीने वळून बघितलं. मग मी वेल उपटून पिशवीत कोंबला, बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि बरणी जरीच्या पदराशी धरून बाहेर आले. कॅबवाला म्हणाला, "सीटवर सांडू नका हां मॅडम." म्हटलं, बाबा रे, सांडू नये म्हणूनच तर निघालेय.

बरणी मांडीवर. ताथवड्याच्या सिग्नलला नेहमीसारखी गर्दी, नव्या इमारतींच्या जाहिराती, कॉलेजच्या बसेस, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं. यातल्याच एका कॉलेजच्या तळमजल्यावर मी माझी उमेदीची वर्षं घालवली, खिडकी नसलेल्या लॅबमध्ये, चिंचोके भाजून, सोलून, दळून. आमच्या शाखेत सगळ्यांना नवं मटेरियल काढायची भारी हौस. कुणी कार्बनच्या पापुद्र्यांचं, कुणी लोखंडाच्या भुकटीचं, कुणी अशा स्फटिकाचं की ज्याच्या चिमटीभर पुडीत मैदान मावेल एवढी जागा. परिषदांना जावं तर पडद्यावर सगळीकडे एकच चित्र, डावीकडे घाणेरडं पाणी, उजवीकडे काचेसारखं, मध्ये बाण. त्या बाणावर टाळ्या. मी पण घेतल्यात. मी एकदाच प्रश्न विचारला होता, की साहेब, तुम्ही विष पाण्यातून काढलंत, ठेवलंत कुठे? सभागृह हसलं. वक्ते म्हणाले, तो पुढच्या संशोधनाचा विषय आहे. पुढचं संशोधन! आमच्या क्षेत्रात घर झाडून कचरा दाराआड लोटायचा आणि त्याला पुढचं संशोधन म्हणायचं. आणि आता बघा, ते दारामागचं माझ्याच मांडीवर बसलं होतं, झाकण लावून, प्रत्येक खड्ड्याला डचमळत.

त्या डचमळण्याबरोबर मला हिंदुरावकाका आठवले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, धाकटे भाऊ, आमच्या गावातून कंपनीत लागलेले पहिले. कुठली कंपनी तर भोसरीकडची एक क्रोमची शेड. आम्हा पोरांना त्यांची एक जादू फार आवडायची. आईच्या सुईतला दोरा ते एका नाकपुडीत घालायचे आणि दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर काढायचे. मग दोन्ही टोकं धरून दोरा पुढे-मागे ओढायचे, आणि डोळे मिचकावायचे. आम्ही हसून हसून लोळायचो. "काका, परत! काका, परत!" माझ्या वर्गातल्या मुली मुद्दाम घरी यायच्या ती जादू बघायला, आणि मला कोण अभिमान. एम.एस्सी.ला असताना एका पुस्तकात वाचलं की क्रोमच्या हौदावर वाफेत काम करणाऱ्या माणसाच्या नाकाचा पडदा आतून गळून पडतो, दुखत नाही फारसा, भोक पडतं. वाचलं, आणि मी लायब्ररीत नाकाला हात लावून बसून राहिले. काका तोवर गेले होते. कशाने गेले ते कुणी विचारलं नाही, कारण ते दारूही पीत, आणि आमच्याकडे दारू पिणारा माणूस मेला की दुसरं कारण शोधायचा कंटाळा करतात. त्या दिवसापासून दोरा ओवताना माझ्या अंगावर काटा येतो. साडीचा फॉल मी शिंपिणीकडून लावून घेते.

निगडीला अण्णा गेटवरच उभे होते. माझे वडील अर्जुनराव. अख्खं गाव त्यांना अण्णा म्हणतं. जमीन गेल्यावर आलेल्या पैशांतून त्यांनी प्राधिकरणात फ्लॅट घेतला, पण लिफ्टमध्ये अजून देवळात शिरल्यासारखे चपला काढायचा विचार करत शिरतात. आज फेटा बांधलेला. मिशी काळी केलेली. मला हसूही आलं आणि भरूनही आलं. ते गाडीत बसले, आणि बसल्या बसल्या बरणीकडे बघून म्हणाले, "ह्ये काय? उद्घाटनाला लोनचं न्हेतीस व्हय?"

"माझे मणी आहेत अण्णा. वापरलेले. आमच्या लॉबीत सापडले."

त्यांनी बरणी माझ्या मांडीवरून उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तळवड्याचा चौक गेला तरी बरणी तशीच हातात. मग म्हणाले, "पानी पिवळं हाय."

"हो."

"आपल्या हिरीसारखं."

"तेच आहे ते अण्णा. तेच."

आमची विहीर पिवळी झाली तेव्हा मी शाळेत होते. पलीकडच्या ओढ्याकाठी एक शेड नवी झाली होती. एक दिवस आईने भात शिजवला आणि तो केशरी भातासारखा उतरला. आई, गावाची इंदुताई, हसायलाच लागली. म्हणाली, आता हळद-केशराचा खर्च वाचला. आम्ही सगळे हसलो. भात कुणी खाल्ला नाही, गुरांपुढे टाकला, आणि त्यांनीही हुंगून सोडला, तेव्हा कुठे हसणं थांबलं. अण्णांनी तांब्याभर पाणी घेतलं आणि तडक त्या शेडवर गेले. गावातली दहाबारा माणसं बांधावर उभी राहून बघत होती. तासाभराने अण्णा परत आले, तांब्या तसाच भरलेला. शेडच्या मालकाने त्यांना खुर्ची दिली, राव-भाऊ केलं, चहा पाजला, बिस्किटं दिली, आणि बघतो म्हणाला. आई मरेपर्यंत त्यांना त्यावरून चिडवायची. पाहुण्यांपुढे सांगायची, "भांडायला ग्येले आन् च्या पिऊन आले." अण्णा मान खाली घालून हसायचे. ते हसणं मला लहानपणी गोड वाटायचं. पुढे वाटेनासं झालं. त्या विहिरीवर आता एका गोदामाची फरशी आहे.

"फेकून दे की गटारात," अण्णा बरणी परत देत म्हणाले.

"गटारात जाऊ नये म्हणून तर मणी केले ना!"

"मंग आज ठ्येव पिशवीत. उद्या भांड त्या धनेशसंगं, काय भांडायचं त्ये. आजच्या दिवस गप ऱ्हा. समद्या भावकीला सांगून आलोय मी. फोटू येनार हाय पेपरात." आणि मग हळूच, फेटा सावरत, "लई वरसं कष्ट क्येलंस पोरी. आपल्याच हातानं घालवू नगंस."

ते बरोबर बोलत होते, आणि म्हणून मला जास्त राग आला. मी आज तोंड उघडलं तर काय होईल ते मला पाठ होतं. आधीपासून ज्यांनी माझ्या मण्यांना खळीची खेळणी म्हटलं, ते म्हणतील, बघा, सांगत नव्हतो! प्लांट उभारणाऱ्या प्लेटिंगवाल्यांच्या संघटनेतले निम्मे शेडवाले सुटकेचा श्वास सोडतील आणि पिवळं पाणी पूर्वीसारखं ओढ्याला सोडतील. मणी मेले तर विष थांबणार नव्हतं. मणी जगले आणि असेच गोणीगोणीने शेडमागे सांडत राहिले तर मी विष पाण्यातून काढून घराघरांतल्या कढीपत्त्याला घातलं, एवढाच माझ्या आयुष्याचा हिशेब. आज एका शेडचे मणी फुटून बाहेर आलेत. उद्या सगळ्या शेडींचे येतील. चाकणच्या रस्त्याला ट्रेलरच्या रांगा लागल्या होत्या, नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेऊन, सगळ्या कशा चकचकीत. मी बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. उद्या हा शब्द मला एकाएकी नकोसा झाला. काकांना पण डॉक्टरकडे उद्याच जायचं असायचं.

मला मणी हवे होते. ते मेलेले नको होते आणि असे सांडलेलेही नको होते. मी बनवलेत, ते निघाले कसे आणि गेले कुठे हे दोन्ही मी ठरवणार. कोण म्हणतं नाही? असं मनातल्या मनात मी कुणाकुणाला दम देत होते, वक्त्यांना, संघटनेला, त्या जुन्या शेडच्या मालकाला, आणि कॅबवाला आरशातून माझ्याकडे बघत होता, कारण माझे ओठ हलत असावेत. हलू देत.

प्लांटवर मांडव होता, सनई लावलेली होती, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. टाक्या स्टीलच्या, उन्हात बघवत नव्हत्या. त्यांच्या पायथ्याशी स्टुलाएवढी दोन निळी पिंपं, झेंडूच्या माळा घातलेली. त्यांत माझे ताजे पांढरे मणी. पाहुण्यांनी पहिली ओंजळ टाकीत सोडायची, मग फीत, मग भाषणं. बाजूला काचेची माशांची टाकी. आमच्या पट्ट्यात जिथे म्हणून सांडपाणी साफ करतात तिथे शेवटच्या नळाखाली माशांची टाकी असतेच. तपासणीला आलेला माणूस आकड्यांकडे बघत नाही, माशांकडे बघतो; मासे फिरतायत ना, मग झालं. काही ठिकाणी त्या टाकीत पिण्याचं पाणी ओततात हे सगळ्यांना माहीत आहे. धनेशचं तसं नाही. हे मासे चाचणीच्या दिवसांत त्याच्या शेडमध्ये होते, केशरी, लठ्ठ, आणि माझ्या मण्यांतून आलेल्या पाण्यातच वाढलेले. त्याला त्यांचा केवढा अभिमान. जेव्हा मला कुठल्या कंपनीचा वॉचमन गेटच्या आत सोडत नव्हता, तेव्हा याच माणसाने मला त्याचं पिवळं पाणी कॅन भरून दिलं होतं, स्वतःच्या स्कूटरवरून आणून. हे मी विसरलेले नाही. विसरले असते तर पुढचं सोपं गेलं असतं.

"तनुजा! अगं किती उशीर! पाहुणे नाक्यावर आलेत." धनेश पुढे आला. अण्णांच्या पाया पडला, त्यांना पहिल्या रांगेत बसवून परत आला. मग त्याला बरणी दिसली. "हे काय आणलंस?"

"तुझ्या शेडमागचे. गोण्या फुटल्यात म्हणे."

त्याचा चेहरा जरा पडला, पण जराच. "हां, ते... अगं गाडीवाले भरतच नव्हते, सारखं पुढचा आठवडा, पुढचा आठवडा. पाठवतो ना. बंद मणी आहेत, हिरवे झालेले. आपणच सगळ्यांना सांगतो ना, हिरवं म्हणजे झालं."

"पाणी बघ."

त्याने बघितलं. तो प्लेटिंगवाल्याचा मुलगा आहे, त्याला ते पिवळं मी दाखवायची गरज नव्हती. त्याने डोळे वळवले आणि हळू आवाजात म्हणाला, "कार्यक्रमानंतर बोलू. प्लीज. आज नको."

"नको बोलूस. फक्त हे पाणी माशांच्या टाकीत ओत."

तो हसला. मी हसले नाही. मी झाकण उघडलं आणि बरणी त्याच्या हातात दिली. "ओत ना. लोकांच्या लॉबीत चालतं, बायका हाताने चोळून धुतात ते चालतं, कुंडीत चालतं. माशांना का नाही? तुझीच टाकी, तुझेच मासे. ओत." एक केशरी मासा काचेपाशी येऊन तोंड उघडझाप करत होता. धनेशने बरणी टाकीच्या वर नेली, हे मी कबूल करते. हात वर नेला, आणि तिथेच थांबला. मग त्याने बरणी जपून, एक थेंब सांडू न देता, खाली जमिनीवर ठेवली. मला वाटलं होतं त्या वेळी मला जिंकल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. त्याला माशांची दया आली, आणि मला त्याची.

मग तो उसळला. माणूस ओशाळला की उसळतोच. "कुणी नेले हे शेडमधून? नाव सांग मला. कामावरून काढतो आजच्या आज."

मांडवाच्या कडेला, खुर्च्या मांडणाऱ्या माणसांत, भीमराज उभा होता. नव्या शर्टात. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. त्याने मला लांबून नमस्कार केला. त्याच्या नाकाकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

"मी नेले," मी म्हटलं.

"तू?"

"माझे आहेत. मी बनवलेत. मी नेले. काढ मला." आणि आवाज चढला तो मी चढू दिला. "शेडमागच्या सगळ्या गोण्या आधी इथे आण. पिंपात भर. गाडी बोलव, भरून जाऊ दे. यापुढे जेवढे मणी वापरलेले परत येतील तेवढेच नवे मिळतील, तुला आणि सगळ्या शेडवाल्यांना. परत आले नाहीत तर नवा मणी नाही. एकसुद्धा नाही."

"आणि पाहुणे?"

"त्यांना सांग, उद्घाटन गोण्यांचं आहे."

माइकवरचा माणूस एव्हाना "आता आपल्या सर्वांच्या लाडक्या डॉक्टर तनुजाताई" म्हणायला लागला होता. मी पिंपांपाशी गेले. एका पिंपावरची झेंडूची माळ बाजूला केली, आणि झाकणावर बसले. सनई वाजत होती. जरीची साडी, केसांत गजरा, आणि खाली निळं प्लॅस्टिकचं पिंप. मला स्वतःलाच ते ध्यान दिसत होतं. लोक आधी हसले, त्यांना वाटलं फोटोसाठी बसलेय. मग हसणं विरलं. संघटनेचे दोन पदाधिकारी धावत आले, मॅडम, मॅडम करत. मी बसून राहिले. फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला, पाहुण्यांचाच असणार.

पहिल्या रांगेतून अण्णा उठले. गुडघ्यावर हात टेकत, फेटा सावरत, ते माझ्याकडे यायला लागले, आणि धनेशला हायसं वाटलं. मलाही कळलं की आता मला उठावं लागेल. जगात एकाच माणसाच्या शब्दाने मी उठले असते आणि तो माणूस चालत येत होता. धनेश लगबगीने पुढे झाला. "काका, तुम्हीच सांगा हिला. आधी आत चला, ऑफिसात बसू, चहा घेऊ, मग शांतपणे बोलू."

अण्णा थांबले. त्यांनी जमिनीवरच्या उघड्या बरणीकडे बघितलं. वाकून झाकण लावलं, घट्ट. मग ते दुसऱ्या पिंपापाशी आले, त्यावरची माळ काढून नीट घडी करून बाजूला ठेवली, आणि झाकणावर बसले.

"च्या नगं," ते म्हणाले. "गोन्या आन."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. निऱ्या सावरल्या आणि पिंपावर नीट मागे सरकून बसले.